बेथलेहेमची शांतिज्योत घरी आणताना: सेवेचे आणि कंदिलांचे परीक्षण

नाताळच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रियातल्या रेल्वे स्थानकांवर, चर्चमध्ये आणि अग्निशमन केंद्रांवर विनामूल्य मिळणारी बेथलेहेमची शांतिज्योत ही दुकानातली वस्तू नव्हे, त्यामुळे तिचे परीक्षण कसले लिहायचे, असे कोणी म्हणेल. पण ती ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी असंख्य लोकांच्या हाती दिली जाते, तिच्यासाठी लोक कंदील आणि मेणबत्त्या विकत घेतात, सणाच्या धावपळीत वेळ काढून रांगेत उभे राहतात आणि घराच्या दारात येऊन ती विझली की हिरमुसतात. तेव्हा कुठल्याही सेवेला आपण जे निकष लावतो ते हिलाही लावायला हरकत नसावी. ही कल्पना ज्या लिंझ शहरातून निघाली तिथेच माझे वास्तव्य आहे, गेली काही वर्षे ही ज्योत मी घरी आणतो आणि ती एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये नेणाऱ्यांबरोबरही चाललो आहे. मत आधीच नोंदवून ठेवतो: बेथलेहेमपासून स्थानकापर्यंतची व्यवस्था अत्यंत चोख आहे, स्थानकापासून घरापर्यंतची व्यवस्था मात्र नावालाही नाही, आणि या दुसऱ्या टप्प्याचे यश सर्वस्वी आपल्या हातातल्या कंदिलावर अवलंबून असते.

या उपक्रमाची सुरुवात १९८६ मध्ये झाली. ओआरएफ या ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे अप्पर ऑस्ट्रिया प्रांताचे केंद्र लिंझमध्ये आहे. 'लिख्त इन्स डुंकेल', म्हणजे 'अंधारात उजेड', या नावाने अपंग आणि गरजू मुलांसाठी १९७३ पासून चालत आलेल्या मदतनिधीच्या निमित्ताने, देणगीदारांचे आभार मानण्यासाठी काहीतरी द्यावे, असे या केंद्रातल्या मंडळींच्या मनात आले. त्यांनी जे ठरवले त्यात आजतागायत फारसा बदल झालेला नाही. अप्पर ऑस्ट्रियातले एक मूल दरवर्षी निवडले जाते, ते सहसा बेथलेहेमच्या ख्रिस्तजन्माच्या गुहेत जाऊन तिथल्या दिव्यावर ज्योत पेटवते, ती ज्योत तेल अवीवहून ऑस्ट्रियन एअरलाइन्सच्या विमानाने व्हिएन्नाला येते, बहुतेक वेळा तिथेच वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांच्या संयुक्त प्रार्थनेत देशोदेशीच्या स्काउट-गाइडच्या तुकड्यांना वाटली जाते, आणि त्या तुकड्या ती रेल्वेने आपापल्या देशात नेतात. जर्मनीतल्या स्काउट संघटना १९९३ पासून या कामात आहेत आणि तिथे नाताळपूर्वीच्या आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी पाचशेहून अधिक ठिकाणी ज्योत पोचते. ऑस्ट्रियात सामान्य माणसाच्या हाती ती प्रामुख्याने २४ डिसेंबरला पडते. मला हा ऑस्ट्रियन रिवाज अधिक पटतो, कारण नाताळला आठ-दहा दिवस असताना मिळालेली ज्योत तेवती ठेवण्याचे काम घरच्या माणसांना पुरते दमवते, आणि जर्मनीतले माझे परिचित ती अनेकदा चर्चमध्येच ठेवून २४ तारखेला पुन्हा आणायला जातात.

विमानातून उघडी ज्योत नेणे कुठल्याही प्रवाशाला शक्य नाही, म्हणून तिच्यासाठी खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्याच्या जातीचे, स्फोट होऊ न देणारे दिवे वापरतात. या दिव्यामागचे तत्त्व ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये दाखवून दिलेले आहे: ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असली की ती आतली उष्णता झटकन पसरवून टाकते, त्यामुळे बाहेरच्या वायूला पेट घेण्याइतके तापमान जाळीपलीकडे पोचतच नाही, आणि तरीही आतल्या ज्योतीला लागणारी हवा जाळीतून मिळत राहते. खाणीत माणसांचा जीव वाचवण्यासाठी निघालेले साधन शांततेचे प्रतीक वाहून नेण्याच्या कामी यावे हे मला फार समर्पक वाटते. प्रवासात एक दिवा विझला तर दुसऱ्यावरून तो पेटवता यावा म्हणून दिव्यांची जोडी असते. आपल्याकडे नवरात्रातल्या अखंड दिव्याची काजळी काढण्यापूर्वी शेजारी एक निरांजन त्याच दिव्यावर लावून ठेवतात, त्यातलीच ही गोष्ट. या एका खबरदारीची नक्कल प्रत्येकाने घरच्या प्रवासातही करावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याकडे पुढे येतोच.

आता वाटपाकडे. ऑस्ट्रियात ही ज्योत मिळण्याचे मार्ग इतके आहेत की निवड करायची पंचाईत व्हावी. मोठ्या रेल्वे स्थानकांवर, ओआरएफच्या प्रांतिक केंद्रांवर, रेड क्रॉसच्या कार्यालयांत, चर्चमध्ये ती २४ तारखेला सकाळपासून मिळते. पण सर्वांत लोभस मार्ग अग्निशमन दलाच्या बालशाखांचा आहे. इथली अग्निशमन दले बहुतांशी स्वयंसेवकांची असतात आणि त्यांच्या बालशाखेतली मुले लहानपणापासून दोर बांधायला, नळी जोडायला शिकतात. अप्पर आणि लोअर ऑस्ट्रियातल्या पुष्कळ गावांत हीच मुले गणवेश घालून घरोघरी ज्योत पोचवतात आणि दलासाठी वर्गणीचा डबा पुढे करतात. वर्षभर विस्तव विझवायला शिकणाऱ्या मुलांनी त्या एका दिवशी तो जपत दारोदार हिंडावे, यातली गंमत त्यांच्याही लक्षात आलेली असते, आणि एखादा मुलगा तसे हसत हसत बोलूनही दाखवतो.

देण्याघेण्याची क्रिया जवळून बघण्यासारखी आहे. मुलाच्या पायाशी मोठा काचेचा कंदील असतो, त्याच्या हातात जाड हातमोजे आणि बोटभर जाडीची लांब मेणाची काडी असते. तो कंदिलाचे दार वीतभर उघडतो, काडी आत घालून पेटवतो, दुसऱ्या हाताची ओंजळ तिच्याभोवती धरतो आणि आपल्या मेणबत्तीच्या वातीला लावतो. इथे नवख्या माणसाची फसगत होते, कारण कोऱ्या मेणबत्तीची वात मेणाने माखलेली आणि ताठ असते, ती पेट घ्यायला वेळ लावते, तोवर काडीचे मेण मुलाच्या हातमोज्यावर ओघळते आणि मागची रांग चुळबुळू लागते. म्हणून मेणबत्ती आदल्या दिवशी घरीच दहा-पंधरा मिनिटे जाळून घ्यावी. वात काळी होऊन किंचित वाकली की ती पहिल्याच स्पर्शाला पेटते. हे कुठल्याही पत्रकात लिहिलेले नसते. मी शिकलो ते रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या, गुंडाळलेल्या गळपट्ट्यातून फक्त डोळे दिसणाऱ्या एका आजींकडून, ज्यांनी माझ्या चकचकीत नव्या मेणबत्तीकडे पाहून नुसती मान हलवली आणि स्वतःची अर्धी जळलेली मेणबत्ती वर करून दाखवली.

सेवेची मला सर्वाधिक भावलेली बाब अशी की घेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. तुम्ही कुठल्या धर्माचे, कुठल्या चर्चचे, नाव काय, नाताळ साजरा करता का, यांतले एक अक्षर कोणी काढत नाही. तुळजापूरहून नवरात्राची ज्योत आपल्या गावच्या देवळात नेणाऱ्या तरुणांचे जथे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा फरक विशेष जाणवेल. तिथे वाहणाऱ्याने अनवाणी धावायचे असते, नेम पाळायचे असतात, ज्योत एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर निघते आणि तिचा मान गावाचा असतो. बेथलेहेमच्या ज्योतीला वाहणाऱ्याकडून व्रताची अपेक्षा नाही, पुढे कोणाला द्यायची याचे बंधन नाही, आणि ती मध्येच विझली तर शेजाऱ्याकडून पुन्हा लावून घेतली तरी चालते. काहींना हा ढिलेपणा वाटेल. मला वाटते, हजारो अनोळखी हातांतून जाणारी गोष्ट इतकी सैल ठेवली म्हणूनच ती टिकली. कडक नियम केले असते तर पहिल्याच वर्षी खरी ज्योत कोणाची आणि खोटी कोणाची यावर वाद पेटले असते.

आता कंदील. या विषयावर मी जरा पसरून लिहिणार आहे, कारण सगळी मेहनत इथेच वाया जाते किंवा फळाला येते.

पहिला प्रकार म्हणजे सजावटीचे, पत्र्याच्या चौकटीत चार काचा बसवलेले कंदील, जे डिसेंबरात घरसामानाच्या प्रत्येक दुकानात रचून ठेवलेले असतात. दिसायला सुंदर आणि बाल्कनीत ठेवायला ठीक, पण हातात धरून चालण्यासाठी ते बनवलेलेच नसतात. मी एका दुकानातून घेतलेल्या अशा कंदिलाच्या काचा आणि चौकट यांच्यात इतक्या फटी होत्या की डॅन्यूबवरून येणारा वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाई आणि ज्योत आडवी होऊन काचेला काजळी धरे. वरच्या पत्र्याला थेट जोडलेली कडी तर काही मिनिटांत इतकी तापली की हातमोज्याशिवाय धरता येईना. असा कंदील घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी दुकानातच बघाव्यात: दाराला नीट बसणारी कडी आहे का, तळाशी मेणबत्ती रोवायला खिळा किंवा खोलगट वाटी आहे का, आणि उचलायची मूठ झाकणापासून पुरेशी उंच आहे का. पेटलेली काडी समोरच्या अरुंद दारातून आत नेताना हात भाजतो, म्हणून दार रुंद असलेलाच घ्यावा.

दुसरा प्रकार आपल्या पिढीतल्या कुठल्याही मराठी माणसाला ओळखीचा, वातीचा आणि टाकीचा कंदील. फॉयरहांड या जर्मन कंपनीचा बेबी स्पेशल २७६ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध नमुना मानला जातो आणि माझ्याकडे तोच आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, उष्णता सोसणारी काच, सुमारे ३४० मिलिलिटरची टाकी आणि एका भरणीत साधारण २० तास जळण्याची क्षमता, ही त्याची वैशिष्ट्ये. दोन्ही बाजूंच्या वाकलेल्या नळ्या केवळ धरायला किंवा शोभेला नसतात. त्यांतून ताजी हवा वरून खाली वातीपर्यंत येते, ज्योतीचा धूर मात्र मधल्या टोपणातून वेगळा निघून जातो, त्यामुळे वाऱ्याचा झोत थेट ज्योतीवर आदळत नाही. लहानपणी आजोळी वीज गेल्यावर खुंटीवरचा कंदील उतरवून वात वर करणाऱ्यांना याची वापरण्याची रीत शिकवायची गरज नाही: काच वर उचलायची तरफ दाबा, वात पेटवा, काच खाली सोडा, ज्योत स्थिर होईपर्यंत वात बारीक ठेवा. वाऱ्यात टिकण्याच्या बाबतीत याच्याइतका भरवशाचा दुसरा प्रकार मी पाहिलेला नाही. अडचण एकच, पण मोठी आहे. द्रव इंधन भरलेला पेटता कंदील घेऊन ट्राममध्ये किंवा गाडीत बसणे मला योग्य वाटत नाही, आणि तिरपा झाला तर तेल झिरपण्याची शक्यता या जातीच्या सगळ्याच कंदिलांना असते. पायी जाणाऱ्यांनी, विशेषतः एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये ज्योत नेणाऱ्या गटांनी हा घ्यावा. वासाचा त्रास नको असेल तर साध्या रॉकेलऐवजी शुद्ध केलेले पॅराफिन तेल भरावे. ते महाग पडते, पण काच काळवंडत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त आणि, सौंदर्याचा विचार बाजूला ठेवला तर, सर्वांत उत्तम: कबरीवर ठेवायच्या झाकणाच्या मेणबत्त्या. प्लॅस्टिकच्या लाल किंवा पांढऱ्या उभ्या डब्यात घट्ट मेण किंवा गोठवलेले तेल, त्यावर भोके पाडलेले सोनेरी पत्र्याचे झाकण, अशी तिची रचना असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या स्मरणदिनी इथली कब्रस्ताने या दिव्यांनी भरून जातात, त्यामुळे त्या प्रत्येक किराणा दुकानात मिळतात आणि मोठ्या आकाराच्या मेणबत्त्या दोन-दोन दिवस तेवतात. पाऊस, वारा, बर्फ यांची सवय असलेली ही वस्तू आहे. झाकण काढायचे, ज्योत घ्यायची, झाकण पुन्हा लावायचे, आणि वाटेत ते उघडून 'अजून आहे ना' असे बघण्याचा मोह टाळायचा. बहुतेक ज्योती वाऱ्याने जातात त्याहून जास्त या कौतुकाने जातात, असे माझे निरीक्षण आहे. काही मराठी कुटुंबांना कबरीवरची वस्तू सणाच्या दिवशी घरात आणणे मनाला पटत नाही, आणि तो संकोच मी समजू शकतो. त्यांनी ती वाहतुकीपुरती वापरावी आणि घरी पोचल्यावर तिच्यावरून समई लावून घ्यावी. आमच्या ओळखीच्या काही घरांत नाताळची ती संध्याकाळ देव्हाऱ्यातल्या समईवर या ज्योतीनेच होते, आणि तेलवात असल्याने रात्रभर तिच्याकडे लक्ष देणेही सोपे जाते.

मोटारीने नेणाऱ्यांसाठी इथला सर्वमान्य तोडगा म्हणजे तळाशी वाळू भरलेली पत्र्याची बादली, जिच्यात कंदील रोवून ती पुढच्या आसनाच्या पायाशी ठेवायची आणि तिच्याजवळ एका माणसाने बसायचे. मागच्या सामानकक्षात पेटती ज्योत कधीही ठेवू नये. काहीजण ठेवतात आणि हसून सांगतात, पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आणि खाणदिव्यांच्या जोडीचा धडा इथे लक्षात ठेवावा: एकाऐवजी दोन मेणबत्त्या पेटवून निघावे, त्याही दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातात. घरी रात्री झोपताना ज्योत तेवती ठेवायची असेल तर ती रिकाम्या बाथटबमध्ये किंवा स्टीलच्या मोरीत, आजूबाजूला पडदा वा टॉवेल नाही असे पाहून ठेवावी.

वाटप करणाऱ्यांकडून या साऱ्याविषयी माहिती मिळायला हवी आणि ती मिळत नाही, ही माझी मुख्य तक्रार. एका उपनगरातल्या वाटपाच्या ठिकाणी तर झाकण नसलेल्या मेणबत्तीवर ज्योत लावून देताना मी पाहिले, आणि घेणारी बाई कोट आडवा धरून दहा पावलेही गेली नसेल तोच परत आली. तिला पुन्हा लावून दिली गेली, पुन्हा झाकणाशिवाय. संयोजकांनी प्रत्येक ठिकाणी झाकणाच्या मेणबत्त्यांचे एक खोके ठेवून माफक किमतीत त्या दिल्या तर निम्मा प्रश्न सुटेल; काही चर्चमध्ये ही सोय असते, स्थानकांवर तिची खात्री देता येत नाही. सूचनाही बहुतेक जर्मनमध्येच असतात, जे लिंझसारख्या, बोस्निया, तुर्कस्तान, सीरिया, रुमानिया आणि भारतातून आलेल्या माणसांच्या शहरात खटकते. ही ज्योत सगळ्यांसाठी आहे हे ज्यांना सांगायचे त्यांच्या भाषेत ते सांगितले तर बरे.

प्रार्थनास्थळांमधला प्रवास हा या सेवेचा दुसरा आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग. लिंझचे मारियन डोम हे कॅथलिक महामंदिर क्षमतेच्या दृष्टीने ऑस्ट्रियातले सर्वांत मोठे चर्च. १८६२ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९२४ मध्ये ते पूर्ण होऊन पवित्र करण्यात आले. तिथून पायी जेमतेम काही मिनिटांवर, लांडश्ट्रासे या बाजाररस्त्यापासून आत सरकून, मार्टिन लुथरच्या नावाचे प्रोटेस्टंट चर्च उभे आहे. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८१ मध्ये काढलेल्या सहिष्णुतेच्या फर्मानाने प्रोटेस्टंटांना प्रार्थनागृहे बांधायची मुभा दिली खरी, पण त्या घरांना मनोरा नको, घंटा नको आणि रस्त्याकडे तोंड केलेले दारही नको, अशी अट घातली. आज ट्रामच्या रुळांवरून वाट काढत, एकाच्या हातात कंदील आणि दुसऱ्याच्या हातात राखीव मेणबत्ती असा गट जेव्हा एका दारातून दुसऱ्या दाराकडे जातो, तेव्हा तो काही शतकांचे वैर किती सहज ओलांडतो आहे हे रस्त्यावरच्या खरेदीच्या पिशव्यांना कळत नाही. चालणारी माणसे त्याविषयी काही बोलत नाहीत. त्यांचे सगळे लक्ष रुळात पाय अडकू नये आणि वात बुडू नये यावर असते, आणि मला तो साधेपणा कुठल्याही भाषणापेक्षा आवडतो. प्रोटेस्टंट चर्चमध्ये दारातच वाळूचा ट्रे मांडून ठेवलेला असतो, आलेली ज्योत आधी त्यातल्या मेणबत्त्यांवर जाते आणि मगच वेदीकडे, म्हणजे वाटेत काही झाले तरी मूळ ज्योत हाताशी राहावी.

ख्रिस्ती नसलेल्यांपर्यंत ती पोचते ती मात्र संस्थांपेक्षा माणसांमुळे. आमच्या जिन्यात एक बोस्नियन मुस्लिम कुटुंब राहते. त्या घरातल्या बाईंनी एकदा माझ्या हातातला कंदील पाहून, साराजेव्होच्या वेढ्याच्या काळात वीज नसताना तेलात बुडवलेल्या दोऱ्याच्या दिव्यावर त्यांनी काढलेल्या रात्रींविषयी सांगितले आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातली एक मेणबत्ती पेटवून घेतली. त्यापुढे दर वर्षी ज्योत आणली की त्यांच्या दारावर थाप मारायची, हा आमच्या जिन्याचा प्रघात झाला.

आता जी बाब या उपक्रमाच्या पत्रकांत फारशी येत नाही, तिच्याकडे वळतो. ज्या गुहेतून ही ज्योत निघते ती स्वतः शांततेचा आदर्श नाही. तिथल्या चौदा टोकांच्या चांदीच्या ताऱ्यावर पंधरा दिवे टांगलेले आहेत, त्यांतले सहा ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे, पाच आर्मेनियनांचे आणि चार कॅथलिकांचे, आणि कोणता दिवा कोणी पुसायचा, कोणती पायरी कोणी झाडायची, हे ऑटोमन काळापासून चालत आलेल्या व्यवस्थेने ठरलेले आहे. १८४७ मध्ये तो तारा नाहीसा झाला, त्यावरून उठलेले वादळ क्रिमियन युद्धाकडे नेणाऱ्या कारणांमध्ये गणले जाते, आणि १८५३ मध्ये त्या जागी नवा तारा बसला. डिसेंबर २०११ मध्ये सणानंतरच्या साफसफाईच्या वेळी ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरूंमध्ये झाडूंनी हाणामारी झाली आणि पॅलेस्टिनी पोलिसांना मध्ये पडावे लागले. मला यात ज्योतीची बदनामी दिसत नाही. उलट, जिथे दिव्यांचीही वाटणी झाली आहे तिथला दिवा व्हिएन्नात सगळ्या पंथांसमोर एकत्र ठेवला जातो, हे मला महत्त्वाचे वाटते.

अधिक टोचणारी गोष्ट वेगळी आहे. बेथलेहेमच्या बाजूने इस्रायलने उभारलेली भिंत जाते आणि तिथल्या पॅलेस्टिनी रहिवाशांना काही किलोमीटरवरच्या जेरुसलेमला जायलाही परवाना लागतो. ज्योत मात्र नाक्यावरून पलीकडे जाते, विमानात बसते आणि युरोपभर फिरते. २०२० मध्ये महासाथीमुळे ऑस्ट्रियातले मूल जाऊ शकले नाही, तेव्हा बेथलेहेममधल्याच एका मुलीने ती पेटवली. माझ्या मते हा अपवाद नियम व्हायला हवा होता, किंवा निदान ऑस्ट्रियातल्या मुलाच्या जोडीला दरवर्षी तिथले एक मूल असायला हवे. ज्या गावाच्या नावावर ही सेवा चालते त्या गावातली मुले तिच्या चित्रांतून एरवी गायब असावीत, हे या उपक्रमातले सर्वांत मोठे न्यून आहे. विमानाने ज्योत आणण्यावर इंधनाच्या दृष्टीने आक्षेप घेणारेही भेटतात. ती ठरलेल्या प्रवासी विमानातून येते, त्यामुळे तो आक्षेप मला तितका गंभीर वाटत नाही.

पैशांविषयी थोडक्यात. ज्योत विनामूल्य आहे आणि डबा समोर असला तरी त्यात काही टाकले नाही म्हणून कोणी वळून बघत नाही. टाकायचे असतील तर आधी डबा कोणाचा ते विचारावे, कारण स्थानकावरचा, रेड क्रॉसचा आणि अग्निशमन दलाच्या मुलांचा असे डबे वेगवेगळ्या कामांसाठी असतात. 'लिख्त इन्स डुंकेल' या निधीवर अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः २०२२ च्या सुमारास, दयेचे दर्शन घडवून पैसे उभे केल्याची टीका केली आहे आणि ती मला बरीचशी रास्त वाटते. त्यामुळे मी माझी नाणी मुलांच्या डब्यात टाकतो, जिथून नवे हातमोजे आणि शिरस्त्राणे येतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने झाकणाच्या दोन मेणबत्त्या आणि हातमोजे एवढेच घेऊन निघावे, वातीचा कंदील पुढच्या वर्षासाठी ठेवावा. २४ तारखेला ऑस्ट्रियातली दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि त्यानंतर काडेपेटीसुद्धा मिळायची मारामार होते, तेव्हा मेणबत्त्यांची खरेदी आदल्या दिवशी उरकावी आणि स्थानकावर शक्यतो सकाळी दहाच्या आत पोचावे; अकरानंतर गाड्यांची गर्दी आणि ज्योतीची रांग एकाच फलाटाच्या तोंडाशी येतात. गावात राहणाऱ्यांनी स्थानकापर्यंत जाण्याआधी आपल्या अग्निशमन केंद्राच्या दारावरची सूचना वाचावी. मुले त्यांच्या रस्त्यावर किती वाजता येणार, हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेले असते, आणि मग फक्त अंगणातला दिवा सुरू ठेवून दार उघडायला हजर राहायचे.